खडखड केव्हा होते?

गॅरेजच्या दारात चांगला शिकलासवरलेला, चारचौघांत मान असलेला माणूस तोंडाने "खट्-खट्-खट्, आणि मधूनच किर्र" असं करून दाखवत असतो. समोरचा मिस्त्री हसू दाबत विचारतो, "कधी येतो आवाज?" मालक पुन्हा तोच आवाज काढतो, या वेळी जरा जोरात. मिस्त्री पुन्हा तेच विचारतो.

मिस्त्रीचं बरोबर असतं. एकाची टकटक ती दुसऱ्याची खडखड, आणि तिसऱ्याला ती ऐकूच येत नाही. आवाज कसा आहे, हे सांगताना दोन माणसांचं सहसा जमत नाही. आवाज केव्हा येतो, याबद्दल मात्र वाद होत नाही. सकाळी गाडी काढताना येतो की दुपारी सिग्नलला उभं असताना? न्यूट्रलमध्ये रेस केल्यावर येतो की घाट चढताना? क्लच दाबला की जातो का? अशा सात-आठ प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली, तर पाना हातात घेण्याआधीच निम्म्याहून अधिक संशयित बाद होतात. उलट "इंजिनातून आवाज येतोय" एवढ्याच सांगण्यावर काम सुरू झालं की हेड उघडलं जातं, पैसे जातात, आणि आवाज जिथल्या तिथे राहतो.

समजायला सोपी पडेल अशी एक गाडी समोर ठेवू. मारुती ८०० ही त्यासाठी उत्तम. १४ डिसेंबर १९८३ला पहिल्या गाडीची किल्ली मालकाच्या हातात पडली आणि जानेवारी २०१४मध्ये उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत तिने निम्म्या मध्यमवर्गाला गाडी चालवायला शिकवलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. जुन्या मॉडेलांत कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर. बॉनेट उघडलं की बहुतेक गोष्टी डोळ्यांना दिसतात. पुन्हा पासिंग करून आणलेली, घरच्यांचा जीव जडलेली अशी एखादी गाडी अजूनही गावोगावी उभी असते, आणि तिचं इंजिन कधी ना कधी खडखडतंच.

आधी कानाबद्दल. रस्त्यावर हॉर्न कुठून वाजला हे आपल्याला चटकन कळतं, कारण आवाज एका कानापाशी आधी आणि दुसऱ्यापाशी किंचित नंतर पोचतो. हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. बॉनेटखाली मात्र ही सोय मोडीत निघते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पोलादातून पाच हजारांहून अधिक. खाली क्रँकपाशी बसलेला ठोका ब्लॉकमधून वर चढतो, हेडमध्ये शिरतो आणि टॅपेट कव्हरच्या पातळ पत्र्याला हलवतो. पातेल्यावरचं झाकण उकळी फुटली की वाजतं, तसं ते कव्हर खालच्या कुणाच्याही धक्क्याने वाजतं. आपल्याला वाटतं, आवाज वरून येतोय. निम्मे "टॅपेट वाजतोय"चे निकाल या एका पत्र्यामुळे लागलेले असतात.

म्हणून जुने कारागीर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. हवेतला गोंधळ बाजूला राहतो आणि ज्या जागी टोक टेकलंय तिथलंच कंपन स्पष्ट येतं. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखंच, पण पडद्याऐवजी धातूची सळई असलेलं साधन अवजारांच्या दुकानात स्वस्तात मिळतं, आणि ते स्क्रूड्रायव्हरपेक्षा सुरक्षितही आहे. फिरत्या पट्ट्याजवळ डोकं वाकवून उभं राहणं हे शौर्य नाही. गळ्यातला रुमाल, ओढणी, सैल बाही आधी आवरायची, मगच इंजिन सुरू करायचं.

आता एक गोष्ट जी सांगताना मिस्त्रींनाही कंटाळा येतो: इंजिनाची खडखड बऱ्याचदा इंजिनाची नसतेच. नंबर प्लेटचा एक स्क्रू गळालेला असतो. बॅटरीची पट्टी सैल असते. एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप तुटलेली असते. डिकीत जॅक मोकळा पडलेला असतो. गाडी महिनाभर उभी असेल, तर उंदरांनी बॉनेटखाली काय काय आणून ठेवलंय ते पाहण्यासारखं असतं. सुकं खोबरं, चिंध्या, बटाट्याचा वाळका तुकडा, आणि त्यातलंच काहीतरी पंख्याच्या जाळीवर टकटकत असतं.

या बाहेरच्या आवाजांची एक खूण आहे. ते इंजिनाच्या ठराविक वेगालाच येतात. प्रत्येक सैल पत्र्याची स्वतःची एक कंपनसंख्या असते. इंजिनाची थरथर तिच्याशी जुळली की पत्रा जोरात वाजू लागतो, वेग थोडा वाढला की गप्प होतो. सायलेन्सरच्या पाइपावर उष्णता अडवण्यासाठी जो पातळ पत्रा लावलेला असतो, तो यात सर्वांत बदनाम. गंजून त्याचा एखादा बोल्ट निसटतो आणि सुरू होतं ते थेट बेअरिंग गेल्यासारखं ऐकू येतं. इंजिन पूर्ण थंड असताना त्याच्यावर मुठीने एक टप्पल मारली की कळतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचीही हीच परीक्षा. १९९५पासून आधी चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. त्याच्या आत जाळीदार चिनी मातीचा ठोकळा असतो. खड्ड्यात खालून आपटून तो फुटला, तर तुकडे डब्यात खुळखुळतात. थंड असताना हाताने ठोकून ऐकलं की निकाल लागतो.

तीन सिलिंडरच्या गाडीत आणखी एक भानगड आहे. तिच्या वर-खाली होणाऱ्या पिस्टनांची वजनं एकंदरीत एकमेकांना तोलतात, पण दोन टोकांचे पिस्टन इंजिनाची टोकं आळीपाळीने वर आणि खाली ढकलत राहतात. इंजिन लांबीच्या दिशेने झुलतं. हा झोका गिळायचं काम रबरी माउंटिंगचं. वीस वर्षांत ते रबर लाकडासारखं कडक होतं किंवा चिरतं, आणि मग तोच झोका थेट सांगाड्यात उतरतो. डॅशबोर्डपासून दारांच्या काचांपर्यंत सगळं वाजू लागतं. हेडलाइट लावून, गाडी जागच्या जागी उभी ठेवून स्लो स्पीडला इंजिन पाहावं. ते डोळ्यांना दिसेल इतकं थयथयाट करत असेल, तर आधी माउंटिंग आणि प्लग बघायचे. एखादा सिलिंडर नीट पेटत नसला तरीही हेच दिसतं.

बाहेरचं सगळं घट्ट केलं आणि आवाज राहिलाच, तर दोन झटपट कसोट्या करता येतात. पहिली क्लचची. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन सुरू. क्लच दाबल्यावर आवाज थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर संशय घ्यायचा, कारण क्लच दाबला की तो शाफ्ट फिरायचा थांबतो. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर रिलीज बेअरिंग. दुसरी फॅनबेल्टची. इंजिन बंद करून पट्टा काढायचा आणि अर्धा मिनिट पट्ट्याविना इंजिन चालवून ऐकायचं. आवाज गेला, तर अल्टरनेटरचं किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग घासतंय. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नाही, कारण बहुतेक जुन्या गाड्यांत पाणी फिरवणारा पंप याच पट्ट्यावर चालतो. या दोन कसोट्यांना खर्च शून्य, आणि त्यांमुळे कितीतरी ग्राहकांच्या इंजिनाचं हेड उघडण्यापासून वाचलं असेल.

यानंतर मोजणी. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन वेळा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. स्लो स्पीड मिनिटाला ९०० फेऱ्यांची धरली, तर क्रँक सेकंदाला १५ वेळा फिरेल आणि कॅम साडेसात वेळा. तिन्ही सिलिंडर मिळून सेकंदाला साडेबावीस वेळा पेट घेतील. एकच टॅपेट सैल असेल, तर सेकंदाला सात-आठ ठोके ऐकू येतील. क्रँकच्या प्रत्येक फेरीला बसणारा ठोका याच्या दुप्पट वेगाने येईल.

इतकं जलद कानाने मोजता येत नाही, पण खिशातल्या फोनने येतं. बॉनेट उघडून अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करायचा आणि आवाज संपादित करायच्या कुठल्याही फुकटच्या ॲपमध्ये उघडायचा. लाटेच्या चित्रात ठोक्यांची टोकं उभी दिसतात. एका सेकंदातली टोकं बोटाने मोजता येतात. पाव वेगाने वाजवलं तर कानालाही फरक कळतो. टॅकोमीटर नसलेल्या गाडीत फेऱ्यांचा अंदाज चुकू शकतो, पण इंजिनाची स्वतःची पेट घेण्याची लय त्याच रेकॉर्डिंगमध्ये असते. तिच्या तुलनेत ठोका कितव्या वेळी येतो हे पाहायचं.

"अर्ध्या गतीचा आवाज वरचा, पूर्ण गतीचा खालचा" असा एक जुना नियम गॅरेजांत चालतो. तो उपयोगी आहे, पण त्यावर घर बांधू नये. ज्वलनाचा दणका प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांतून एकदाच बसतो, त्यामुळे सिलिंडरच्या भिंतीवर आपटणारा पिस्टन किंवा सैल झालेलं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंगसुद्धा एकाआड एक फेरीला जास्त जोरात वाजतं. अर्ध्या गतीचा आवाज ऐकून टॅपेटला दोष देणारे इथे फसतात. मोजणीने यादी लहान होते. निकाल लागायला थंड-गरम पाहावं लागतं.

माझ्या मते सगळ्या तपासात सर्वांत जास्त माहिती पहाटेची पहिली दोन मिनिटं देतात. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनातलं तेल खाली तेलाच्या भांड्यात, म्हणजे संपमध्ये, उतरलेलं असतं आणि धातू आकसलेले असतात. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद खडखड होऊन आवाज थांबला, तर तेलाला वर पोचायला उशीर होतोय. यात ऑइल फिल्टरकडे कुणी बघत नाही. चांगल्या फिल्टरमध्ये रबराची एक झडप असते. इंजिन बंद झालं तरी ती तेल परत खाली उतरू देत नाही. स्वस्त, नकली फिल्टरमध्ये ती झडप नावापुरती असते. दोनशे-तीनशे रुपयांचा अस्सल फिल्टर बसवल्यावर पहाटेची खडखड गेल्याचं कोणताही अनुभवी मिस्त्री सांगेल.

मारुती ८००मध्ये कॅम फिरवायला दात असलेला रबरी पट्टा आहे, त्यामुळे तिथे साखळीची खडखड नाही. अल्टो के१०सारख्या नंतरच्या गाड्यांत मात्र टायमिंग चेन आली, आणि पुण्याजवळ रांजणगावला बनलेल्या १.३ लिटरच्या डिझेल इंजिनातही चेनच आहे. अशा इंजिनांत चेन ताणून धरणारा टेन्शनर बहुधा तेलाच्या दाबावर चालतो. तेल वेळेवर न बदलता गाडी पळवली की चेनच्या पिना झिजतात, चेन लांबते, आणि पहाटे दाब येईपर्यंत ती आवरणाच्या आतल्या बाजूवर घासते. सुरुवातीला ही खडखड दोन सेकंदांची असते. ती दहा सेकंदांची झाली, मग गरम इंजिनातही ऐकू येऊ लागली, तर पुढे ढकलण्यात अर्थ नाही. चेनने एखादा दात सोडला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात.

थंड इंजिनात पोकळ, लाकडावर ठोकल्यासारखा आवाज येतो आणि तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत विरून जातो, तो बहुतेक पिस्टनचा. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. लोखंडी स्लीव्हमध्ये ॲल्युमिनियमचा झिजलेला पिस्टन थंड असताना सैल असतो, ज्वलनाच्या धक्क्याने एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटतो. तापला की जागा भरून निघते आणि आवाज बंद. असं इंजिन वर्षानुवर्षं चालतं. जास्त तेल खात नसेल आणि निळा धूर सोडत नसेल, तर मी त्याला हातही लावणार नाही.

थंडपणी टिकटिक करून तापल्यावर थांबणारा आणखी एक जण आहे: एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं फुटकं गॅस्केट. फटीतून सुटलेल्या वायूची फट्-फट् टॅपेटसारखीच ऐकू येते. मॅनिफोल्ड तापून फुगला की फट बुजते. गॅस्केटजवळ काजळीचा काळा पट्टा दिसतो, तोच पुरावा.

याउलट जे आवाज इंजिन तापल्यावर वाढतात, त्यांना घाबरावं. तापलेलं तेल पातळ होतं, बेअरिंगमधला तेलाचा थर पातळ होतो, आणि थंडपणी लपलेली झीज बोलू लागते. जुनी गाडी विकणाऱ्या काही मंडळींना हे दोन्ही नियम पाठ असतात. बेअरिंग वाजत असेल तर आदल्या दिवशी जाड तेल भरून ठेवतात. पिस्टन किंवा चेन वाजत असेल तर तुम्ही पोचायच्या आत इंजिन तापवून ठेवतात. म्हणून गाडी बघायला गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवायचा. ते गरम असेल तर चहा घ्या, गप्पा मारा, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी या.

आता टॅपेट. थंड-गरम दोन्ही वेळा, बारीक, धारदार, अर्ध्या गतीने येणारी टिकटिक ही त्याची ओळख. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये मुद्दाम एक फट ठेवलेली असते. ८००सारख्या इंजिनात ती थंड असताना मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याच्या आसपास. अचूक आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तोच वापरायचा. कव्हर काढून फिलर गेजची पट्टी घालून एकेक फट मोजायची, स्क्रू फिरवून बसवायची. तीन सिलिंडरांचे सहा व्हॉल्व्ह, हात बसलेला असेल तर तासाभराचं काम. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचे मालक हे काम रस्त्याच्या कडेला करून घ्यायचे. कुर्ल्याला बनणाऱ्या त्या गाडीत कॅम खाली ब्लॉकमध्ये आणि वर जाणारे पुशरॉड, त्यामुळे वाजण्याच्या जागा आणखी जास्त.

पण टॅपेट अगदी गप्प व्हावा म्हणून फट कमी करून घेणारा माणूस स्वतःच्या इंजिनाचं वाटोळं करतो. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. फट पुरेशी नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आपली उष्णता सीटकडे देऊ शकत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. किंचित टकटकणारा टॅपेट बरा. सीएनजी किंवा एलपीजीचं किट बसवलेल्या जुन्या गाड्यांत हे आणखी उलटं होतं. कोरड्या इंधनावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट हळूहळू खचते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप कमी होत जाते. टॅपेट दिवसेंदिवस शांत होतोय म्हणून मालक खूश असतो; काही महिन्यांनी कॉम्प्रेशन गेल्यावर गाडी सकाळी सुरूच होत नाही.

खंबाटकी घाटात चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि काचेच्या गोट्या सांडल्यासारखी किणकिण सुरू झाली, गिअर खाली घेतला की थांबली, तर त्यात काहीही सैल झालेलं नाही. हे नॉकिंग. सिलिंडरमध्ये ठिणगीने पेटलेली ज्वाला पुढे सरकत असताना, तिच्यापुढचं दाबलेलं मिश्रण तिची वाट न पाहता एकदम पेटतं, आणि दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींमध्ये आपटू लागतात. छोट्या सिलिंडरमध्ये त्या लाटांची कंपनसंख्या सात-आठ हजारांच्या आसपास जाते, म्हणून आवाज धातूच्या किणकिणीसारखा. डिस्ट्रिब्युटर फिरून टायमिंग जास्त पुढे गेलेलं असणं, पिस्टनवर साचलेला कार्बन, इंजिन तापणं, हलकं किंवा भेसळीचं पेट्रोल, ही कारणं. एखाद-दुसऱ्या चढावर ऐकू आलं तर बिघडत नाही. रोज ऐकू येत असेल तर पिस्टनला भोक पडेपर्यंत मजल जाते.

या आवाजाच्या शोधाची एक जुनी कथा आहे, आणि निदानाबद्दल ती कुठल्याही गॅरेजमधल्या धड्यापेक्षा जास्त शिकवते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला विजेवर चालणारा सेल्फ स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला, आणि त्याच्याबरोबर बॅटरीवर चालणारी इग्निशनही. इंजिनं किणकिणू लागली, तेव्हा विरोधकांनी ठपका केटरिंग यांच्या इग्निशनवर ठेवला. केटरिंग यांनी १९१६मध्ये तरुण थॉमस मिजली यांना कामाला लावलं. इंजिनातला दाब नोंदवून पाहिल्यावर दिसलं की दाबाची उडी ठिणगीनंतर, ज्वलन सुरू झाल्यावर येते. मग इंधनाकडे लक्ष गेलं. दोघांनी असा तर्क लढवला की इंधन लाल रंगवलं तर ते उष्णता अधिक शोषेल आणि आधी वाफ होईल. बर्फाखाली लवकर फुलणाऱ्या एका रोपाची पानं लाल असतात, यावरून ती कल्पना सुचलेली. तेलात विरघळणारा लाल रंग भांडारात नव्हता, म्हणून आयोडीन घातलं. नॉकिंग थांबलं!

इथे कुणी थांबलं असतं, तर तर्क सिद्ध झाला असंच वाटलं असतं. मिजली यांनी दुसरे लाल रंग आणवले. त्यांनी काहीच झालं नाही. मग रंगहीन असलेलं आयोडीनचं संयुग घातलं. ते मात्र चाललं. म्हणजे रंगाचा काही संबंध नव्हता. उपाय लागू पडला होता, कारण चुकीचं होतं. त्या धाग्याने पुढे जात ९ डिसेंबर १९२१ला त्यांना टेट्राइथाइल लेड सापडलं. शिशाचं पेट्रोल जगभर पसरलं आणि त्याने आवाज थांबवता थांबवता शहरांची हवा विषारी केली. भारतात ते २०००च्या सुरुवातीला पूर्णपणे बंद झालं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१मध्ये.

गॅरेजात रोज हेच होतं. टॅपेट बसवले, तेल बदललं, फिल्टर बदलला, प्लग नवे घातले, आणि आवाज गेला. कशाने गेला? कुणालाच ठाऊक नाही. महिन्याभराने परत आला की पहिल्यापासून सुरुवात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गाडी दोन दिवस चालवून पाहायची, हे सांगायला सोपं. पण गाडी लगेच हवी असलेल्या मालकाला आणि दारात रांग असलेल्या मिस्त्रीला ते परवडत नाही. मालकाने स्वतः थोडी चिकाटी धरली तरच जमतं.

शेवटी तो आवाज, ज्याच्या भीतीने बाकी सगळे आवाज घाबरवतात. खोलातून येणारी, बोजड ठकठक. इंजिन तापल्यावर जास्त. ॲक्सिलरेटर दाबल्यावर जास्त, सोडताना क्षणभर आणखी स्पष्ट. आणि कदाचित स्लो स्पीडला तेलाचा लाल दिवा लुकलुकतोय. हे कनेक्टिंग रॉडचं मोठ्या टोकाचं बेअरिंग. दिवा लागत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. बहुतेक गाड्यांत दाब अगदी तळाला, वातावरणाच्या दाबाच्या निम्म्याखाली गेल्यावरच तो पेटतो. तेलाचा दाब खरा किती आहे, हे त्या स्विचच्या जागी गेज लावून मोजावं.

कोणत्या सिलिंडरचं, हे एकेक सिलिंडर बंद करून कळतं. डिस्ट्रिब्युटरच्या जुन्या गाडीत रबरी मुठीच्या पकडीने प्लगची वायर काढून ती लगेच इंजिनाच्या धातूला टेकवायची. मोकळी लोंबकळत ठेवली तर झटका बसतो आणि कॉइलही जाते. इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरचा कपलर काढतात, म्हणजे न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जात नाही. ज्या सिलिंडरचा पेट थांबवल्यावर ठकठक दबली, तिथलं बेअरिंग. टॅपेटच्या आवाजावर या कसोटीचा परिणाम होत नाही, पिस्टनच्या आवाजावर होतो. पण पिस्टन थंडपणी वाजतो आणि बेअरिंग गरमपणी, हे आधीच पाहिलेलं असतं. पिस्टन आणि रॉड जोडणारी गजन पिन सैल असेल तर स्लो स्पीडला पाठोपाठ दोन ठोके पडतात, आणि वेळेला तो सिलिंडर बंद केल्यावर आवाज कमी होण्याऐवजी वाढतो.

ही खात्री झाली की गाडी तिथून टो करूनच न्यायची. "फक्त गॅरेजपर्यंत" म्हणून चालवलेल्या चार किलोमीटरात पत्र्याच्या पातळ बेअरिंगचा थर वितळून क्रँकला चिकटतो, रॉड मोडतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग हिशेब गाडीच्या बाजारभावापलीकडे जातो. वेळेत थांबलं तर काम बरंच स्वस्तात होतं. तेल काढताना त्यात चकाकणारा चुरा दिसतो का पाहायचं. संप खाली घेतला की बऱ्याच इंजिनांत रॉडच्या कॅपा इंजिन न उतरवता उघडता येतात. बेअरिंगची आतली बाजू एकसारखी राखाडी असेल तर ठीक. तांबूस चमक दिसत असेल तर वरचा थर गेला. मग क्रँकची जर्नल मायक्रोमीटरने दोन-तीन दिशांनी मोजायची. गोलाई शाबूत असेल तर बेअरिंगची नवी शेल पुरतात. लंबगोल झाली असेल किंवा ओरखडे असतील तर क्रँक ग्राइंडिंगला जातो आणि पाव किंवा अर्धा मिलिमीटर कमी मापाची शेल येतात. बेअरिंग का गेलं, हेही त्याच वेळी शोधायचं: तेलाचा पंप झिजलाय की संपमधली जाळी गाळाने बुजलीय. नाहीतर नवी शेल तेवढ्याच दिवसांत जातील.

सगळं बसवल्यावर लगेच इंजिन सुरू करायचं नसतं. शेल बसवताना लावलेल्या तेलाखेरीज आत काहीच नसतं. कॉइलची जोडणी काढायची, थोडं थोडं थांबत, एका वेळी दहा-दहा सेकंद स्टार्टर फिरवायचा, आणि तेलाचा दिवा विझला की मगच जोडणी परत लावायची.